खाजनापासून परिषदेपर्यंत : गोव्यातून लँडस्केप इकॉलॉजीच्या परिषदेची तयारी कशी करावी

लँडस्केप इकॉलॉजीच्या संघटनांची वार्तापत्रे आणि परिषदांची निवेदने वर्षभर येत असतात. गोव्यातील महाविद्यालयांत भूगोल, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकवणारे अध्यापक, पदव्युत्तर विद्यार्थी आणि गावपातळीवर काम करणारे निसर्गअभ्यासक यांच्यापैकी अनेक जण ती वाचून बाजूला ठेवतात. निवेदन हाती पडते तेव्हा आपल्या अभ्यासाचा सारांश पाठवण्याची मुदत दोन-तीन आठवड्यांवर आलेली असते आणि पाठवण्याजोगे काही तयार नसते. हा क्रम बदलायला हवा. आपल्या भूभागाविषयीचा एक नेमका प्रश्न आणि त्याची किमान एका पावसाळ्याची नोंद आधी तयार असावी, आणि मग तिला साजेशी परिषद शोधावी. गोव्यात असे प्रश्न मुबलक आहेत. ते योग्य वेळी, योग्य रीतीने मांडले जात नाहीत, म्हणून या मार्गदर्शनाचा प्रपंच.

संघटना आणि तिच्या परिषदांचा क्रम

कार्ल ट्रोल या जर्मन भूगोलतज्ज्ञाने विमानातून घेतलेल्या छायाचित्रांचा अभ्यास करताना 1939 मध्ये या विद्याशाखेला नाव दिले. जमिनीवरच्या निरनिराळ्या तुकड्यांची मांडणी आणि त्यांच्यामधून होणारी पाणी, माती, बीज, प्राणी यांची ये-जा यांचा परस्परसंबंध तपासणे हा तिचा गाभा आहे. नेदरलँड्समधील फेल्डहोवेन येथे 1981 मध्ये पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि पुढच्याच वर्षी तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील पिएश्त्यानी येथे इंटरनॅशनल असोसिएशन फॉर लँडस्केप इकॉलॉजी ही संघटना स्थापन झाली. 'लँडस्केप इकॉलॉजी' हे नियतकालिक 1987 पासून निघते. संघटनेच्या प्रादेशिक शाखा आहेत. उत्तर अमेरिकेतील शाखा दरवर्षी अधिवेशन भरवते, तर युरोपीय शाखेची परिषद काही वर्षांच्या अंतराने होते. ती 2017 मध्ये गेंट येथे आणि 2025 मध्ये ब्रातिस्लाव्हा येथे झाली. जागतिक परिषद चार वर्षांनी भरते. अलीकडच्या तीन परिषदा 2015 मध्ये पोर्टलंड, 2019 मध्ये मिलान आणि 2023 मध्ये नैरोबी येथे झाल्या. त्यांपैकी नैरोबीची परिषद ही आफ्रिका खंडातील पहिली जागतिक परिषद होती. याच क्रमाने पुढचे वर्ष 2027 येते. ठिकाण, तारखा आणि शुल्क यांसाठी संघटनेचे मूळ निवेदनच पाहावे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रांवरून तारीख टिपून घेऊ नये.

परदेशी परिषद हेच पहिले लक्ष्य असावे असे मला वाटत नाही. बंगळुरू येथे दरवर्षी भरणारी स्टुडंट कॉन्फरन्स ऑन कन्झर्वेशन सायन्स ही विद्यार्थ्यांसाठी फार चांगली सुरुवात आहे, कारण तेथे सादरीकरणावर अनुभवी संशोधक बसून चर्चा करतात. ज्यांचे काम मुख्यतः उपग्रह प्रतिमांवर आधारलेले आहे त्यांनी इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंगच्या राष्ट्रीय परिसंवादाकडे लक्ष ठेवावे. पहिल्या सादरीकरणात आलेल्या प्रश्नांनी काम घट्ट झाले की ते जागतिक परिषदेत अधिक आत्मविश्वासाने ठेवता येते.

निवेदन कसे वाचावे

निवेदनातील पहिली महत्त्वाची तारीख परिषदेची नसून चर्चासत्रांचे प्रस्ताव मागवण्याची असते. अशा संघटनांच्या परिषदांत बहुतेक सत्रे सभासदांनीच सुचवलेली असतात. सत्रांची यादी निश्चित झाल्यावर सारांश मागवले जातात. म्हणून ती यादी प्रसिद्ध होताच काळजीपूर्वक वाचावी. किनारी भूप्रदेश, पारंपरिक शेती, पाणथळ जागा, भूवापरातील बदल अशा विषयांचे सत्र दिसले तर त्याच्या संयोजकांना चार ओळींचे पत्र पाठवून आपला विषय त्यात बसतो का ते विचारावे. त्यात संकोच करण्याचे कारण नाही. संयोजकांना वेगळ्या प्रदेशांतील उदाहरणे हवीच असतात.

बनावट परिषदांपासून मात्र सावध राहायला हवे, कारण नवख्या संशोधकांचे पैसे त्यांतच जातात. ज्या निवेदनात भूशास्त्रापासून दंतवैद्यकापर्यंत सर्व विषय एकाच छताखाली आहेत, यजमान विद्यापीठाचे नाव नाही, सारांश पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी स्वीकृती येते आणि तिच्यासोबत पैसे भरण्याचा तगादा सुरू होतो, ते निवेदन सोडून द्यावे. खात्री करण्याचा साधा मार्ग म्हणजे मूळ संघटनेने जाहीर केलेल्या कार्यक्रमांत ती परिषद आहे का ते पाहणे, आणि आयोजन समितीतील एखाद्या व्यक्तीच्या विद्यापीठाच्या अधिकृत पानावर तिचा उल्लेख सापडतो का ते तपासणे.

पावसाळ्याकडून मागे मोजलेले वेळापत्रक

गोव्यातून तयारी करणाऱ्याची खरी अडचण ऋतूंची आहे. मिलान आणि नैरोबी या दोन्ही जागतिक परिषदा जुलैमध्ये झाल्या. जुलै म्हणजे आपल्याकडे भातलावणीचा आणि नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाल्याचा काळ. सारांशाची मुदत परिषदेच्या साधारण पाच ते आठ महिने आधी संपते. म्हणजेच जुलैच्या परिषदेसाठी सारांश नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जातो आणि त्यातील नोंदी त्याच्या आधीच्या पावसाळ्यातल्या असाव्या लागतात. दोन उन्हाळ्यांमधील बदल दाखवायचा असेल तर आणखी एक वर्ष मागे जावे लागते.

हे लक्षात घेतले तर वर्षाची आखणी आपोआप ठरते. एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी आणि आकाश निरभ्र असताना, हद्दी, बांध आणि वाटा यांचा नकाशा पायी फिरून करावा. जून ते सप्टेंबर या काळात पाण्याची पातळी, लावणी आणि पडीक तुकडे यांच्या नोंदी घ्याव्यात. गणेश चवथीच्या सुटीत बहुतेक मंडळी गावच्या घरी येतात. ज्यांना बांधांचा आणि पिकांचा इतिहास आठवतो अशा वडीलधाऱ्यांशी बोलण्यासाठी याहून चांगला काळ नाही. ऑक्टोबरमध्ये कापणी आटोपल्यावर शेवटची फेरी करावी आणि नोव्हेंबरात लिहायला बसावे.

प्रश्न निवडणे : खाजनाचे उदाहरण

विषय गोव्याचा आहे एवढ्यावर सारांश स्वीकारला जात नाही. जमिनीच्या मांडणीतील अमुक बदलामुळे अमुक प्रक्रिया बदलली का, असे विचारता आले पाहिजे. खाजन जमिनींइतके स्पष्ट उदाहरण या बाबतीत क्वचितच मिळेल.

मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील सखल जमिनी बांध घालून शेतीखाली आणल्या गेल्या; त्यांनाच खाजन म्हणतात. त्यांचे क्षेत्र साधारणपणे 18,000 हेक्टरांच्या आसपास सांगितले जाते. कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्म्याच्या बांदिवडे येथील ताम्रपटात खज्जन जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो, यावरून ही व्यवस्था किती जुनी आहे ते कळते. तिचा प्राण मानशीत, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारात, आहे. बांधात बसवलेल्या मानशीची लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने नदीकडे उघडतात. ओहोटीच्या वेळी मानशीजवळ उभे राहिले तर दाराच्या फटीतून आधी पाण्याची पातळ चादर सुटते, मग दार हळूहळू ढकलले जाते आणि तोंडाशी लावलेली जाळ्याची पिशवी फुगते. त्या एका जागी शेती, मासेमारी आणि नदी यांचा हिशेब जुळतो किंवा बिघडतो. मासेमारीच्या हक्काची पावणी (लिलाव) होते, आणि सुंगटांसाठी (कोळंबीसाठी) दार गरजेपेक्षा जास्त वेळ उघडे राहिले तर खारे पाणी शेतात शिरते. भाताचे उत्पन्न मातीची क्षारता साधारण 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की घटू लागते. कोरगुटसारखे स्थानिक वाण त्याहून अधिक खारेपण सोसते, म्हणूनच ते खाजनांत टिकून राहिले.

आता बांध फुटला आणि दुरुस्ती झाली नाही तर काय होते ते पाहावे. काही वर्षांत तेथे खारफुटी उगवते. उपग्रहाच्या प्रतिमेत हा तुकडा हिरवा दिसतो आणि नुसते वनाच्छादन मोजणाऱ्याला ती वाढ वाटते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तो गेलेला शेताचा तुकडा असतो आणि कायद्याच्या दृष्टीने ती संरक्षित खारफुटी असते. किनारी नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. त्यांत खाजन जमिनींचे नकाशे करावेत, त्यांच्या कडेची खारफुटी राखावी आणि खाजनांत विकासकामांना परवानगी देऊ नये असे म्हटले आहे. एकाच तुकड्याकडे पाहण्याच्या या तीन रीती एकत्र मांडणारा अभ्यास कोणत्याही देशातील श्रोत्याला विचार करायला लावील.

या उदाहरणातून निघणारा परिषदयोग्य प्रश्न असा : एका गावातील खाजनाचे पडीक झालेले तुकडे नादुरुस्त मानशींच्या भोवती एकवटले आहेत की रस्त्याच्या भरावालगत? दोन्ही शक्यता वेगवेगळ्या कारणांकडे बोट दाखवतात. भरावामुळे निचरा अडणे ही गोव्यात नवी गोष्ट नाही. 1990 च्या दशकाच्या आरंभी कोकण रेल्वेच्या मार्गावरून येथे जे आंदोलन झाले त्यातही खाजनांतून जाणाऱ्या भरावाचा मुद्दा होता.

ज्यांचे गाव नदीकाठी नाही त्यांच्यासाठीही विषय आहेत. सत्तरी तालुक्यातील कुळागर (माड-पोफळीची बाग), जंगल आणि सडा (डोंगरमाथ्यावरचे कातळी पठार) यांची वीण, बांबर येथील निरंकाराच्या राईतली जायफळकुळातील वृक्षांची दलदल आणि तिला पाणी पुरवणारा भोवतालचा उतार, खाणींमुळे तुटलेले डोंगरपट्टे, किंवा 2022 मध्ये रामसर स्थळांत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समाविष्ट झालेला कुडचड्याचा नंदा तलाव आणि त्याच्या काठची शेती, यांपैकी काहीही घेता येईल. अट एवढीच की क्षेत्र पायी फिरता येईल इतके लहान असावे. पहिल्या अभ्यासासाठी पूर्ण तालुका घेऊ नये, एक-दोन गावे पुरेत.

नकाशा करताना

सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे, लँडसॅट उपग्रहांच्या 1972 पासूनच्या प्रतिमा आणि 2015 पासूनच्या सेंटिनेल-2 उपग्रहांच्या प्रतिमा हा पाया आहे. लँडसॅटचा संग्रह 2008 पासून विनामूल्य खुला झाला असून सेंटिनेलच्या प्रतिमांनाही पैसे पडत नाहीत. इस्रोच्या भुवन संकेतस्थळाचाही उपयोग होतो. क्यूजीआयएस ही विनामूल्य संगणकप्रणाली पुरेशी आहे. तिच्यात काम सुरू करताना प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत) यूटीएम 43 उत्तर असे ठेवावे, कारण संपूर्ण गोवा याच पट्ट्यात येतो आणि क्षेत्रफळे चौरस मीटरमध्ये थेट मिळतात.

खाजनाच्या बाबतीत दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे लागते. सेंटिनेल-2 गोव्यावरून सकाळी अकराच्या आसपास जातो, पण त्या वेळी भरती असेल की ओहोटी हे रोज बदलते. मार्चमधील एक प्रतिमा भरतीची आणि पुढच्या वर्षीच्या मार्चमधील दुसरी ओहोटीची असेल तर दोन्हींची तुलना करून 'पाण्याखालचे क्षेत्र घटले' असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. म्हणून प्रत्येक प्रतिमेची तारीख व वेळ मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावी आणि सारख्या पातळीच्या प्रतिमाच निवडाव्यात. आपले खाजन नदीमुखापासून बरेच आत असेल तर तेथे भरती उशिरा पोहोचते, हा फरक मानशीवर पातळीची पट्टी लावून स्वतः मोजता येतो. परीक्षकाला ही एक नोंद पाहूनच काम किती काळजीपूर्वक झाले आहे ते समजते.

दुसरी गोष्ट प्रतिमेच्या सूक्ष्मतेची. सेंटिनेल-2 च्या प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोन 10 मीटरांचा आणि लँडसॅटचा 30 मीटरांचा असतो. बांध बहुधा काही मीटर रुंदीचा असतो आणि मानस त्याहून लहान. ज्या घटकांवर सगळी व्यवस्था उभी आहे तेच प्रतिमेत दिसत नाहीत. ते जीपीएसने टिपून वेगळ्या थरात नोंदवावे लागतात. प्रत्येक मानशीसाठी दारांची संख्या, दारे मिटतात की गळतात, मागच्या वेळी दुरुस्ती कधी झाली आणि देखभाल कोण करते एवढे तरी लिहावे. पावसाळ्यात ढगांमुळे साधी प्रतिमा मिळत नाही. त्या महिन्यांत पाणी कुठे साचले ते पाहण्यासाठी ढगांतून पार जाणाऱ्या सेंटिनेल-1 च्या रडार प्रतिमा घ्याव्यात.

नकाशा झाल्यावर त्याची अचूकता तपासलीच पाहिजे. प्रत्येक वर्गातून यदृच्छेने बिंदू निवडून त्या जागी प्रत्यक्ष जावे आणि नकाशा बरोबर की चूक याचा तक्ता करावा. उन्हाळ्यातले पडीक खाजन आणि केवळ वायंगण (पावसाळ्यानंतरचे दुसरे पीक) न केलेले शेत प्रतिमेत सारखे दिसतात, म्हणून हे दोन वर्ग पावसाळ्यातील नोंदीशिवाय वेगळे करू नयेत. तुकड्यांचे आकार, कडांची लांबी, परस्परांतील अंतर असे निर्देशांक फ्रॅगस्टॅट्ससारख्या प्रणालीतून क्षणात निघतात, आणि त्यांचे तक्तेच्या तक्ते भरण्याचा मोह होतो. आपल्या प्रश्नाला ज्या दोन-तीन निर्देशांकांची गरज आहे तेवढेच ठेवावेत आणि प्रत्येकाचा जमिनीवरचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो का ते स्वतःला विचारावे.

परवानग्या

अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात काम करायचे असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 28 खाली वन खात्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज पहिल्याच महिन्यात करावा. ड्रोन वापरण्यापूर्वी विमानतळाभोवतीच्या निर्बंधित क्षेत्रांचा नकाशा पाहावा. खाजनात कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), शेतकऱ्यांची भौस (संघटना) आणि मानशीचा त्या वर्षीचा पावणीदार या तिघांनाही आधी भेटून कामाचा हेतू सांगावा. मालकी किंवा कूळहक्काचे वाद चालू असलेल्या ठिकाणी सर्व्हे क्रमांक आणि व्यक्तींची नावे पोस्टरवर छापू नयेत.

सारांश लिहिणे

सारांशाची मर्यादा बहुधा 250 ते 300 शब्दांची असते आणि तेवढ्यात समस्या, जागा, पद्धत, निष्कर्ष आणि त्याचा इतरत्र उपयोग हे पाचही आले पाहिजेत. अनेक सारांश 'निसर्गसौंदर्याने नटलेला गोवा हे जागतिक पर्यटनस्थळ आहे' अशा वाक्याने सुरू होतात आणि मोलाची जागा तेथेच संपते. त्याऐवजी पहिले वाक्य असे असावे : 'भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बांध आणि स्वयंचलित दारे यांच्या आधारे होणाऱ्या शेतीत एका दाराच्या बिघाडाचा परिणाम किती अंतरापर्यंत पोहोचतो, हे आम्ही गोव्यातील एका गावात तपासले.' नैरोबीच्या किंवा ब्रातिस्लाव्हाच्या श्रोत्याला खाजन माहीत नसले तरी हा प्रश्न लगेच समजतो, आणि समुद्राकडून जमीन मिळवणाऱ्या नेदरलँड्सच्या अभ्यासकाला तर त्यात स्वतःचाच विषय दिसेल.

सारांश इंग्रजीत जाणार असला तरी खाजन, मानस, भौस, कोरगुट ही नावे तशीच ठेवावीत आणि प्रत्येक नाव पहिल्यांदा येते तेथे सात-आठ शब्दांत समजावून सांगावे. निष्कर्ष आकड्यांत द्यावा. 'लक्षणीय बदल आढळला' असे लिहिण्याऐवजी किती हेक्टर, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत आणि नकाशाची अचूकता किती टक्के ते सांगावे. काम अपुरे असेल तर जेवढे झाले तेवढ्याचाच निष्कर्ष लिहावा. 'निष्कर्ष परिषदेत मांडले जातील' हे वाक्य असलेले सारांश परीक्षक सहसा मागे ठेवतात. ज्यांनी नोंदी घ्यायला मदत केली, मग ते विद्यार्थी असोत वा मानशीवरचे जाणकार, त्यांचा वाटा ठरवून सहलेखकांची नावे सारांश पाठवण्यापूर्वीच निश्चित करावीत.

पोस्टर की भाषण, आणि खर्च

पहिल्या खेपेला पोस्टर निवडावे असा माझा आग्रह आहे. भाषणाला दहा-बारा मिनिटे मिळतात आणि प्रश्नांना दोन, पोस्टरसमोर मात्र एखादा जाणकार वीस मिनिटे थांबून बोलतो. पोस्टरच्या मध्यभागी गावाचा एकच मोठा नकाशा आणि मानशीच्या कार्याची एक रेखाकृती ठेवली की अर्धे काम होते. मजकूर कमीत कमी असावा.

खर्चाच्या बाबतीत विद्यार्थ्यांसाठी सवलतीचे शुल्क, कमी उत्पन्नाच्या देशांतील सहभागींसाठी वेगळे दर आणि संघटनेची प्रवासवृत्ती यांची चौकशी सारांश पाठवण्याआधीच करावी, कारण वृत्तीचा अर्ज अनेकदा सारांशासोबतच द्यावा लागतो. सरकारी प्रवास-अनुदानासाठी स्वीकृतीपत्र लागते आणि अर्जाची मुदत प्रवासाच्या बरीच आधी संपते. उत्तर अमेरिकी शाखेने 2020 चे अधिवेशन महासाथीमुळे पूर्णपणे दूरस्थ पद्धतीने घेतले होते. एखाद्या परिषदेत दूरस्थ सादरीकरणाची सोय असेल आणि प्रवासाचा खर्च झेपत नसेल तर तोही मार्ग घ्यावा.

परत आल्यावर

परिषदेत मिळालेल्या सूचना त्याच आठवड्यात लिहून काढाव्यात आणि कोणत्या सूचनेसाठी कोणत्या ऋतूत पुन्हा शेतात जावे लागेल ते वेळापत्रकात मांडावे. नकाशाची मराठी किंवा कोकणी आवृत्ती करून ती भौसाला आणि पंचायतीला द्यावी, आणि ग्रामसभेत दहा मिनिटे मागून घेऊन नादुरुस्त मानशींची यादी वाचून दाखवावी. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. मानशींच्या जागा, भाताची वाणे आणि खारफुटीचे तुकडे यांची नोंद समितीच्या संमतीने त्या वहीत तारखेसह करून घ्यावी, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात जो कोणी मोजणीला उतरेल त्याला तुलनेसाठी पहिले वर्ष हाताशी मिळेल.